आईसाठी कागदाचं कॅबिनेट

"काचेचा डबा विकत घ्यायचा, आत रंगीत दिवे लावायचे, आणि मग आतली धूळ आल्यागेल्याला दाखवत बसायचं," वेईबाबा पेइशानच्या कानाशी कुरकुरले. इतक्या जवळून, की त्यांनी कपाळाला चोळलेल्या पुदिन्याच्या तेलाचा वास तिच्या नाकात गेला.

"बाबा, हळू. दुकानदार ऐकतोय."

"ऐकू दे की. त्याच्या तोंडावर कुठे बोललो?"

"तोंडावरच बोललात," तिचा धाकटा भाऊ पोश्युन म्हणाला. "दोन हातांच्या अंतरावर तर उभाय तो."

दुकानदार खरंच तेवढ्याच अंतरावर उभा होता. पन्नाशीचा गडी, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात खोका फोडायची सुरी. तो हसलाही नाही आणि रागावलाही नाही. क्वांगहुआच्या कॉम्प्युटर-बाजारात आलेला प्रत्येक बाप काचेच्या कॅबिनेटपुढे उभा राहून हेच बोलत असणार, आणि हा माणूस बरीच वर्षं ते ऐकत असणार.

त्याच्या मागे भिंतभर कॅबिनेटं मांडली होती. काळी, पांढरी, एक गुलाबी आणि त्याला मांजरीचे कान, एकाच्या तोंडावर अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या. एक तर चारही बाजूंनी काचेचं, मासे सोडायचे तेवढे राहिलेत असं. जी चालू होती त्या प्रत्येकाच्या डोक्यावर खोबऱ्याच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलेलं होतं, खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाणं', म्हणून मशीननेही शहाण्यासारखं वागावं. आईनेही घरी असंच पाकीट ठेवलं होतं. त्याची मुदत संपायच्या आत ती ते बदलायची आणि जुनं बाबांना खायला द्यायची.

पेइशान पाहत होती. नुसती पाहत होती. ती दाताच्या दवाखान्यात बसते. नावं नोंदवणं, फोन घेणं हे तिचं काम. सुई दिल्यावर पेशंट बाहेरच्या बाकावर बसतात, गालाला बोट लावून बघतात, आणि बधिर झालेला गाल नकळत चावून घेतात. रक्त आलं की तीच त्यांना कापूस देते. आई गेल्यापासून आपलंही तसंच चाललंय असं तिला वाटायचं. कुठेतरी काहीतरी चावलं जात असेल. कळत मात्र नव्हतं.

आईला जाऊन पाच आठवडे झाले होते. बाजारातून आली, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि ओट्याशीच खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून पेइशानने सगळं रीतसर केलं होतं. दर सातव्या दिवशीचा विधी, रोज सकाळ-संध्याकाळ फोटोपुढे गरम भाताची वाटी, नातेवाइकांचे फोन. रडणं तेवढं राहून गेलं होतं. पोश्युनही रडला नव्हता, आणि बाबा तर लग्नातही रडले नव्हते, असं आई म्हणायची. लग्न त्यांचं स्वतःचं.

आता शेवटच्या सातव्याला कागदाचं घर जाळायचं होतं, जाळलेलं तिकडे आईला मिळतं म्हणून. त्यासाठी ती तिघं सकाळी लियाओकाकूंकडे गेली होती. काकूंची तिसरी पिढी बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद यांतून मेलेल्यांचे संसार उभे करत होती. दुकानात दोनमजली बंगला तयार होता. दारात मोटार, मोटारीत ड्रायव्हर, स्वयंपाकघरात दोन कामवाल्या, आणि वर दुहेरी पलंग. पलंगाची एक बाजू नवऱ्यासाठी रिकामी ठेवायची, तो मागाहून येईल तेव्हा त्याची गैरसोय नको.

"बाईंना आवड कशाची होती?" काकूंनी विचारलं होतं. "माझॉन्गच्या सोंगट्या खेळायचं टेबल घालू? सगळ्या बायका टेबल मागतात."

बाबांनी कागदाच्या ड्रायव्हरची टोपी सरळ केली.

"गेम," शेवटी पोश्युन म्हणाला. "कॉम्प्युटरवर."

"पत्त्यांचे?"

"नाही. ड्रॅगन मारायचे. टोळी करून."

काकूंनी खळीत बुडवलेला ब्रश बाहेर काढला आणि फोटोतल्या आईकडे नव्या आदराने पाहिलं. "वा! मागच्या महिन्यात एका आजोबांना मासेमारीची बोट करून दिली, इंजिनासकट. मग ह्यांना कॉम्प्युटर. पण दुकानात पडलेला नाही द्यायचा हं, त्यांचाच. कॅबिनेट कसलं आहे त्यांचं?"

आणि तिथेच घोडं अडलं. आईच्या मशीनला कॅबिनेट नव्हतंच.

रिटायर झाल्यावर तिने एकेक सुटा भाग जमवला होता. मदरबोर्ड, मग मेमरी, मग वाढदिवसाला स्वतःच स्वतःला घेतलेलं ग्राफिक्स कार्ड. ते सगळं पोश्युनच्या कॉलेजातल्या जुन्या करड्या पत्र्याच्या डब्यात कोंबलेलं होतं. कार्ड लांब पडलं म्हणून एक बाजू काढून टाकलेली, आणि त्या उघड्या बाजूवर टेबलफॅन रोखलेला. "कॅबिनेट शेवटी घेईन," ती म्हणायची. "आणि घेईन ते देखणं घेईन. जन्मभर उपयोगाच्या वस्तू घेतल्या. आता एक देखणी."

"मग तिला आवडलं असतं असं शोधा आणि फोटो आणा," काकू म्हणाल्या. "आज संध्याकाळपर्यंत. बांबू आज कापला नाही तर घर अर्धवट जाईल. मग बाई स्वप्नात येऊन भांडतील, आणि तुमच्याशी नाही, माझ्याशी."

म्हणून ती तिघं बाजारात आली होती. जगातल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला हवं असतं त्यापेक्षा त्यांना कमीच हवं होतं. नुसता एक फोटो. पण आईला काय हवं असणार याचा पेइशानला अंदाज होता, आणि तो बाबांसमोर बोलण्यासारखा नव्हता.

वसंतात आई दवाखान्यात दात साफ करून घ्यायला आली होती. नंबर लागेपर्यंत पेइशानच्या टेबलापाशी उभी राहून तिने सहज विचारावं तसं विचारलं, "खोली भाड्याने घ्यायची तर नवऱ्याची सही लागते का गं?"

"नाही लागत," पेइशान म्हणाली.

"बरं."

एवढंच. मग आईचं नाव पुकारलं गेलं आणि ती आत जाऊन तोंड उघडून बसली. बाहेर आल्यावर तिने फोनवर एक खिडकी दाखवली. खिडकीत समुद्र होता. समुद्राकाठच्या ताइतुंग गावची खिडकी, गेममधल्या टोळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरची. "छान आहे," पेइशान म्हणाली, आणि पुढच्या पेशंटचा फोन घेतला. मग अंत्यविधीला पांढऱ्या फुलांचं चक्र आलं. त्यावर आईचं गेममधलं नाव होतं: 'तिखट आलं ताईंना, ताइतुंगच्या टोळीकडून.' बाबा त्या चक्रापुढे बराच वेळ उभे होते. तिखट आलं म्हणजे कोण, असं त्यांनी कोणालाच विचारलं नाही.

"मदरबोर्ड केवढा आहे?" दुकानदाराने विचारलं. "कार्ड किती लांब? त्यावर ठरतं सगळं. नाहीतर घरी नेऊन झाकण लागत नाही आणि मला शिव्या."

पोश्युनने फोन पुढे केला. त्यात करडा डबा, उघडं पोट आणि टेबलफॅन.

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर ओढला. "अहो, हे तर चिनछायताईंचं मशीन! हा पंखा कोण विसरेल?" त्याचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "तुम्ही घरची मंडळी होय! बरेच दिवसांत आल्या नाहीत त्या. बऱ्यायत ना?"

दुसऱ्याच्या दुकानात, भर धंद्याच्या वेळी, मेलेल्या माणसाचं नाव काढू नये. लहान पोरालाही हे कळतं. पोश्युन गुलाबी कॅबिनेटचे कान बघू लागला.

"बरी आहे," बाबा म्हणाले. "गावाला गेलीय."

"ताइतुंगला?"

मागच्या दुकानात कोणीतरी पॅकिंगची चिकटपट्टी टर्रकन ओढली.

"हो," बाबा म्हणाले. "ताइतुंगला."

"मग कॅबिनेट न घेताच गेल्या होय! अहो, किती दिवस येत होत्या. इतर गिऱ्हाइकं बघतात, ह्या उचलायच्या. ह्या भिंतीवरचं एकही कॅबिनेट त्यांनी उचललं नाही असं नाही. उचलायच्या, मांडीवर घेऊन त्या स्टुलावर बसायच्या, आणि डोळे मिटायच्या. मी म्हटलं, ताई, कॅबिनेट आहे, नातू नाही. तर म्हणाल्या, आगगाडीत असंच घेऊन बसायचंय, पाय बधिर होतात का ते बघतेय."

तो वाकला आणि टेबलाखालून एक खोका काढला. खोक्यातून निघालं ते पाव ठेवायच्या डब्याएवढं होतं. पिस्ता रंगाचं, कडा गोल, तोंडावर बारीक छिद्रांची नक्षी, आणि वर चामड्याचं तपकिरी हँडल. जुन्या काळच्या प्रवासी पेटीसारखं. दिवा नाही, काच नाही. ठेवलेल्या जागी ते असं बसलं जणू आताच कुणाकडे पाहुणं आलंय.

"हे शेवटी पसंत केलं. ह्या रंगात हवं होतं म्हणून मागवून घेतलं. देखणं आहे की नाही?"

देखणं होतं. पेइशानला आपल्या हाताची बोटं हँडलकडे जाताना दिसली. चामडं थंड होतं. तिने ते उचललं. काहीच वजन नव्हतं.

"लहान आहे," बाबा म्हणाले.

"कार्ड बसतं त्यात. मी मोजून दिलंय ताईंना."

"तसं नाही. काहीतरी मोठं दाखवा. तिला शोभेल असं."

"आईची पाठ दुखायची ना," पोश्युन घाईने म्हणाला, कोणी काही विचारलं नसताना. "म्हणून हलकं बघत असेल."

"पाठच," पेइशान म्हणाली.

"पाठ दुखायचीच तिची," बाबा म्हणाले.

तिघांचं असं एकमत कित्येक वर्षांत झालं नव्हतं. दुकानदाराने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. मोठी कॅबिनेटं त्याने मुकाट्याने फिरवून दाखवली. पोश्युनने फोटो काढले: दोन्हीकडून काच असलेलं काळं, बर्फासारखं पांढरं, आणि अक्रोडाच्या पट्ट्यांचं. बाबा पट्ट्यांवरून हात फिरवून म्हणाले, "हे तरी कपाटासारखं दिसतं." त्यांच्या तोंडून ही स्तुती होती. ते दोघे वळल्यावर पेइशानने पिस्ता रंगाच्या कॅबिनेटचा एक फोटो घाईघाईत काढला. तो हलला, म्हणून दुसरा काढला.

"ताईंचं ठेवतो बाजूला," दुकानदार म्हणाला. "आल्या की घेऊन जातील."

"ठेवा," बाबा म्हणाले.

सरकत्या जिन्यावर पोश्युन तिच्या एक पायरी खाली उभा होता. तो न वळता म्हणाला, "ताई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"काही नाही."

"तुला?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली. खालच्या मजल्यावर बाबा हात मागे बांधून त्यांची वाट बघत उभे होते. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला उभं राहून वाट बघणं जमत नाही. ते सारखे या पायावरून त्या पायावर होत होते.

घरी आल्यावर पेइशानने भात लावला, सोया सॉसमधलं अंडं चिरलं, वाटी फोटोपुढे ठेवली. फोटोत आई सिनेमाला निघाल्यासारखी बसली होती. पोश्युनने उदबत्त्या लावल्या आणि दोन नाणी धुऊन, पुसून बशीत ठेवली. आईला काही विचारायचं असलं की आता असंच विचारायचं. एक नाणं छाप आणि एक काटा पडलं तर हो. दोन्ही काटा म्हणजे नाही. दोन्ही छाप म्हणजे ती हसतेय, प्रश्नच चुकलाय.

विचारायचं ते मुलांनी. नवरा बायकोच्या फोटोपुढे वाकत नाही, म्हणून बाबा बाजूला वेताच्या खुर्चीत बसले होते, शेजाऱ्यांकडे बोलणी करायला आल्यासारखे.

पोश्युन गुडघ्यांवर बसला. "आई, हे काळं. दोन्हीकडून काच आहे. आत दिवे लागतात, रंग बदलतात. चालेल?"

नाणी फरशीवर वाजली. दोन्ही काटा.

"नको म्हणतेय."

"धूळ दिसते ना त्यात," बाबा म्हणाले. "सांगत होतो मी."

"आई, हे पांढरं."

दोन्ही छाप.

"हसतेय."

"हसेल नाही तर काय! फ्रिजसारखं दिसतं ते. विचार तू लाकडाचं."

लाकडाचंही नाही. पोश्युनने पुन्हा टाकली, पुन्हा नाही. मग पेइशान बसली. तिने काळं पुन्हा विचारलं, पांढरं पुन्हा विचारलं. नाणं एकदा घरंगळत कपाटाखाली गेलं, ते झाडूने काढावं लागलं. आई काही ऐकेना. जिवंत असताना ती इतकी ठाम क्वचितच असायची. चहा घेशील का म्हटलं तर म्हणायची, तुम्ही करत असाल तर घेईन.

"नीट विचार गं," बाबा म्हणाले. "अर्धवट बोललेलं तिला आवडायचं नाही. सांग तिला, मोठ्या घरात ठेवायचंय. वरच्या खोलीत, पलंगाशेजारी. माझी बाजू आहे तिकडे नको, तिच्या बाजूला. मग आवाजाचा मला त्रास नाही. असं सांग."

पेइशानने तसं सांगितलं. दोन्ही छाप.

बाबांनी खुर्चीच्या हातावरचा सुटलेला वेत आत खोचला. तो पुन्हा बाहेर आला.

तेवढ्यात फोन वाजला. लियाओकाकू. "काय ठरलं मग? खळ शिजवून बसलेय मी. गार झाली की गुठळ्या होतात."

"काकू, थोडं थांबा. आई हो म्हणत नाहीये."

"कशाला?"

"कशालाच."

"मग तुम्ही त्यांना हवं ते विचारतच नसणार," काकू सरळ म्हणाल्या. "माझ्याकडे रोज असली घरं येतात बाई. दुसऱ्या एका आजोबांनी बोट मान्यच केली नाही. शेवटी कळलं, बायकोला बोटीत बसवायचं नव्हतं त्यांना. बघा काय ते. तुमचं ठरेपर्यंत कामवाल्यांना नाक-डोळे काढते. नाहीच ठरलं तर सरळ काळं करून टाकेन."

फोन ठेवल्यावर घरात आईच्या मशीनजवळचा टेबलफॅन तेवढा ऐकू येत होता. मशीन बंद होतं. पंखा मात्र बंद करायचं पाच आठवड्यांत कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"ताई," पोश्युन फरशीकडे बघत म्हणाला, "एक राहिलंय."

"कुठलं?"

"तुझ्या फोनमधलं."

"ते लहान आहे."

"अगं, पण आहे ना."

"लहान आहे म्हणाले ना बाबा." आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू आलं. वाटलं मात्र काही नाही. हातातली नाणी घामाने चिकटली होती. आता ती टाकायची, ती एक छाप एक काटा पडणार, आणि मग कोणीतरी विचारणार की हँडल कशाला. सात मजल्यांच्या या इमारतीत राहणाऱ्या, लिफ्टने भाजी आणणाऱ्या, रात्री नवऱ्यासाठी मऊ भात वेगळा काढणाऱ्या बाईला हँडल कशाला. "कागदाचं करायला लहान वस्तू अवघड जाते," ती म्हणाली. "काकूंना नाही जमणार."

"इंजिन जमतं त्यांना," पोश्युन म्हणाला.

"दाखव," बाबा म्हणाले.

तिने फोन दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला, मग जवळ आणला. पहिला फोटो हललेला होता, त्यांनी दुसरा पाहिला. बोटांनी मोठा करून हँडल पाहिलं. तिथे ते बराच वेळ होते.

मग ते उठले. गुडघ्याचा आवाज झाला. ते फोटोपुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी पेइशानपुढे तळवा धरला. तिला आधी कळलंच नाही. मग तिने नाणी त्यांच्या हातावर ठेवली.

"बाबा, तुम्ही नाही बसायचं," पोश्युन म्हणाला. "तुम्ही नवरा..."

"मला माहितीय मी कोण आहे ते."

ते खाली बसले. एक गुडघा आधी, मग जमिनीला हात टेकून दुसरा. उदबत्तीची राख वाटीच्या कडेवर पडली होती, ती त्यांनी बोटाने टिपली. नाणी मुठीत धरून ते आईकडे बघत राहिले, आणि त्यांनी ती टाकलीच नाहीत.

"लियाओबाईला फोन लाव," ते न वळता म्हणाले. "हे हँडलवालं कर म्हणावं. रंग हाच. आणि पलंग एकाचाच कर म्हणावं."

"बाबा..."

"माझी बाजू ठेवायची नाही. शरदातल्या पौर्णिमेचा सण झाला की जाणार होती. माझ्यासमोर बसून सांगितलं तिने, जेवताना. मी म्हटलं, सूप गार होतंय." त्यांनी मूठ मांडीवर ठेवली. "तिची पाठ दुखत नव्हती रे पोरांनो. ती मला सोडून चालली होती."